झाकणावरचं नाव

स्वतःची पाठ थोपटून घ्यायला मला दुसरं कुणी लागत नाही, माझा हात तिथपर्यंत व्यवस्थित पोचतो. हे वाक्य आईचं, माझ्याबद्दलचं, आणि ती ते चारचौघांत म्हणते. मी नाकारत नाही. लालबागच्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, बाहेर गॅलरीत कुणाचं ना कुणाचं भांडण चालू असताना अभ्यास करून जी मुलगी कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली, तिनं थोडी मिजास केली तर बिघडलं कुठं? तेव्हा पुढचं सगळं मिजास म्हणूनच वाचावं. मी एक मॅट्रिक्स बनवली. म्हणजे मॅट्रिक्स जगात आधीपासून होतीच, मी तिची एक लेक बनवली, आणि ती आज आमच्या ऑफिसात सुखानं नांदते आहे.

ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये. घरून चालत जाता येतं. बाबा याच भागातल्या दुसऱ्या गिरणीत होते. ती बंद पडल्यावर घर आईच्या खाणावळीवर चाललं. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, खाणावळही आईच्या गुडघ्यांनी बंद करायला लावली. घरात आम्ही दोघी आहोत आणि खाणावळीची भांडी आहेत.

आमची कंपनी लहान आहे. वेगवेगळ्या लॅबमधून रक्ततपासणीचे आकडे येतात, ते जुळवून डॉक्टरांना एकत्र दाखवायचे, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. आता साखरेचंच बघा. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. उपाशीपोटीची शंभरच्या आत आली की आई खूश होते आणि दुपारी लाडू मागते. काही परदेशी मशिनं तीच साखर मिलिमोलमध्ये मोजतात आणि शंभरच्या जागी साडेपाच दाखवतात. दोन्ही आकडे खरे, साखर एकच. घोटाळा होतो तो आकड्याशेजारचं माप गळून पडलं की. शंभर आणि साडेपाच यांची सरासरी काढायला कॉम्प्युटरला काही वाटत नाही. तो काढतो आणि ऐटीत दाखवतो.

हे आकडे आम्ही मॅट्रिक्समध्ये ठेवतो. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता: आडव्या ओळीत एकेक पेशंट, उभ्या ओळीत दिवसाची एकेक वेळ. आकडेमोडीची एक तयार लायब्ररी असते, जगभरची माणसं ती वापरतात, आम्हीही वापरतो. तिची मॅट्रिक्स फार चपळ, हजारो आकडे चुटकीसरशी गुणते. फक्त हे आकडे कशात मोजलेत ते लिहून ठेवायला तिला खिसा नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की आपण तिला खिसा शिवू. आमच्या धंद्यात याला सबक्लास म्हणतात. मूळ प्रकाराचं सगळं जसंच्या तसं घ्यायचं, बेरीज-गुणाकार नव्यानं शिकवायचे नाहीत, आणि वर आपलं एक काहीतरी जोडायचं. मी जोडणार होते माप.

आमचे हेड माझ्यापेक्षा वयानं लहान. हुशार, बोलायला गोड, ऐकायला थोडे कमी.

"मॅडम, आयडिया मस्त आहे," ते म्हणाले. "पण नाकापेक्षा मोती जड होईल. प्लेन मॅट्रिक्स वापरू, माप कॉमेंटमध्ये लिहू. सिंपल."

कॉमेंट म्हणजे कोडच्या कडेला माणसांसाठी लिहिलेली टीप, कॉम्प्युटर तिच्याकडे बघतही नाही.

"कॉमेंट वाचतं कोण?"

"आपण वाचतो ना."

"तुम्ही माझे मेलसुद्धा वाचत नाही."

ते हसले, आणि हसले म्हणून कबूल झाले. ठरलं असं की मी माझा प्रकार बनवायचा आणि टीमसमोर दाखवायचा. टिकला तर तो प्रॉडक्टमध्ये जाईल. नाही टिकला तर पुसून टाकायचा आणि मी मुकाट्यानं माझ्या जुन्या कामाला लागायचं.

माझं जुनं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका दुरुस्त करणं. त्यात माझा हात कुणी धरत नाही, हेही सांगून ठेवते. पण आमच्या ऑफिसात रीत अशी की फाईलच्या पहिल्या ओळीत ती लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याचं कुठंच नसतं. माझ्या आधी लागलेल्यांची नावं होती, माझ्या नंतर आलेल्या पोरांची होती. मी इतकी वर्षं सगळ्यांची फाटकी शिवली आणि माझ्या नावाची एकही फाईल नव्हती. मला ती हवी होती. उगाच मोठेपणा कशाला सांगू, पेशंटच्या काळजीइतकीच मला ती पहिली ओळ हवी होती.

तर पहिल्या खेपेला मी तोंडावर पडले. मॅट्रिक्स बनली, माप चिकटलं, विचारलं की सांगू लागली. मी ऐटीत हात बांधून उभी. हेडनी कीबोर्ड जवळ ओढला आणि त्या मॅट्रिक्समधले वरचे थोडे पेशंट कापून वेगळे काढले. आमच्याकडे हे दिवसातून शंभरदा करावं लागतं. मग त्या तुकड्याला माप विचारलं. प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडला. तुकड्याला त्याचा प्रकार विचारला तर तो माझाच सांगत होता. माप विचारलं की मात्र ओळखच दाखवत नव्हता.

"कापल्यावर माप राहत नसेल तर मग कॉमेंट काय वाईट?" हेड म्हणाले. आवाजात खोच नव्हती, म्हणून जास्त लागलं. "पुढच्या शुक्रवारी शेवटचं बघू, मॅडम. नाही जमलं तर सोडून देऊ. डोक्याला शॉट नको."

कारण सापडायला वेळ लागला नाही. नवी मॅट्रिक्स मी स्वतः बनवते तेव्हा माझं कोड चालतं आणि माप चिकटवतं. पण असलेल्या मॅट्रिक्सचा तुकडा कापला की लायब्ररी तो तुकडा परस्पर तयार करते. माझ्या त्या कोडला बोलावणंच जात नाही. मी धरून चालले होते की माझ्या मॅट्रिक्सचा तुकडा म्हणजे माप त्याच्याबरोबर येणारच.

घरी जाताना मी स्वतःवर इतकी चिडले होते की भारतमाता टॉकीजच्या बाजूला एका स्कूटरवाल्याशी कारण नसताना भांडले. दुसऱ्या कुणाची ही चूक झाली असती तर समजण्यासारखी होती. आमच्या घरात ती एकदा होऊन गेलेली होती.

आईच्या खाणावळीचे टोप सगळ्या चाळीत फिरायचे. कुणाकडे बारसं असो, सत्यनारायण असो, मोठा टोप लागला की लोक आमच्या दारात. म्हणून आईनं प्रत्येक टोपावर भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलं होतं. नाव बाबांचं. टोप आईच्या कष्टाचे आणि नाव बाबांचं, अशीच पद्धत होती आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, पण मला सगळ्यातच काहीतरी वाटायचं. नावामुळे टोप न चुकता परत यायचे, आणि रिकामे कधीच नाही. तळाशी मूठभर साखर, नाहीतर दोन नारळाच्या वड्या असायच्याच.

एका गणपतीत महाप्रसाद झाला, भांडी घासून गॅलरीत उपडी घातली गेली, आणि आमचं सगळ्यात मोठं झाकण समोरच्या मालवणी मावशींच्या घरात गेलं. आई मागायला गेली. मी तिच्या मागोमाग. मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"टोपार तुज्या घोवाचा नाव असा, ता मी मानतंय," त्या म्हणाल्या. "झाकणार खंय असा? दाखय माका."

झाकणावर नाव कुणीच घालत नसे. झाकण टोपाबरोबर येणारच, असं सगळी चाळ धरून चालायची. मग त्या वर्षी दिवाळीच्या फराळाचं ताट आमच्याकडून समोर गेलं नाही आणि समोरून आमच्याकडे आलं नाही, तेही एका झाकणापायी. दिवाळी सरल्यावर आईनं घरातली झाकणं, अगदी दुधाच्या पातेल्यावरचं सुद्धा, पिशवीत भरली आणि नावं घालून आणली. चाळ हसली. मग एकेक करून सगळ्या घरांतल्या झाकणांवर नावं आली. आमचं ते झाकण आजही मावशींकडेच आहे आणि त्यावर आता त्यांच्या घोवाचं नाव आहे. दोघी रोज संध्याकाळी एकत्र बसतात, पण झाकणाचा विषय काढत नाहीत.

आमच्या घरी फक्त एका संचावर नाव घातलं गेलं नाही. माझ्या लग्नासाठी म्हणून आईनं एकेक करून घेतलेले टोप आणि झाकणं पोटमाळ्यावर गोणपाटात बांधलेली आहेत. लग्न ठरलं की सासरचं आडनाव घालायचं, म्हणून ती कोरी ठेवलेली. लग्न ठरलं नाही. खरं सांगायचं तर मीच ठरू दिलं नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. आईला वाटतं. ती बोलत नाही, पण दिवाळीच्या साफसफाईत ते गोणपाट खाली घेते, पुसते आणि पुन्हा वर ठेवायला लावते.

शुक्रवारपर्यंत मी झाकणाच्या मागे लागले. लायब्ररी बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता, मीच नीट वाचलं नव्हतं. माझ्या मॅट्रिक्सचा जन्म तीन तऱ्हांनी होतो. एक, मी स्वतः नवी बनवते. दोन, कुणाची तरी साधी मॅट्रिक्स घेऊन तिला आजपासून आमची म्हणायचं. तीन, माझ्याच मॅट्रिक्समधून तुकडा निघतो. जन्म कुठल्याही वाटेनं झाला तरी लायब्ररी एक हाक मारते: ही नवी आली, ही जिच्यापासून आली ती, हिला काही द्यायचं असेल तर आता दे. त्या हाकेला ओ देणारं कोणी माझ्या कोडमध्ये नव्हतंच.

ते मी लिहिलं. जिच्यापासून आली तिच्याकडे माप असेल तर नवीला तेच माप मिळेल. ती साधी असेल, तर नवीच्या खिशात 'माहीत नाही' अशी चिठ्ठी जाईल, आणि कुणी माप सांगेपर्यंत तिला कोणाच्या बेरजेत बसू दिलं जाणार नाही. अंदाजानं काही चिकटवायचं नाही. सगळ्या मिळून मोजक्या ओळी झाल्या. चालवून बघितलं. वरचे पेशंट कापले, माप आलं. खालचे कापले, आलं. आडव्याचं उभं केलं तरी आलं. मी उठले, पँट्रीत गेले आणि स्वतःला आल्याचा चहा पाजला. इतका चांगला चहा त्या मशिनमधून ना आधी कधी आला, ना नंतर.

शुक्रवारी मी घरातला एक लहान टोप झाकणासकट पिशवीतून नेला आणि मीटिंगच्या टेबलावर ठेवला. हेडना वाटलं खाऊ आहे.

"खाऊ नाही, डेमो आहे," मी म्हटलं.

टोपावरचं बाबांचं नाव दाखवलं, झाकणावरचं दाखवलं आणि मावशींची गोष्ट सांगितली, मालवणीसकट. सगळे हसले. मग कीबोर्ड मी आपण होऊन हेडच्या पुढे सरकवला.

त्यांनी कापलं, तुकड्याचा तुकडा केला, नक्कल काढली. माप जागेवर. मग त्यांनी अशी अट घातली की एकही पेशंट तिच्यात बसू नये, आणि रिकामी मॅट्रिक्स काढली.

"रिकाम्या भांड्यावरचं नाव पुसतात का?" मी विचारलं. माप होतं.

मिलिग्रॅम आणि मिलिमोलची बेरीज मागितली. माझ्या मॅट्रिक्सनं ती करायला साफ नकार दिला आणि का ते एका ओळीत सांगितलं. मागून कुणीतरी टेबल वाजवलं. शेवटी हेडनी तिच्यातला एकच आकडा बाहेर काढला आणि त्याला माप विचारलं. नव्हतं.

"तो चमचा आहे," मी म्हटलं. "एकटा आकडा मॅट्रिक्स राहत नाही, त्याला खिसा नसतो. चमच्यावर नाव कोण घालतं? म्हणून चमचा असा ओढून काढायचा नाही, मागून घ्यायचा. त्याचं वेगळं फंक्शन दिलंय, ते माप सांगितल्याशिवाय आकडा हातात देत नाही."

त्यांनी ते फंक्शन चालवलं. पुन्हा चालवलं. वेग विचारला, तर प्लेनपेक्षा किंचित कमी होता, तोही मी लपवला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, त्यात भांडं समोर टेबलावरच होतं.

"ओके, मॅडम," ते म्हणाले. "घेऊ या. साखरेचं सगळं काम यावर आणू. फाईलच्या वर तुमचं नाव टाका."

खड्डा त्यांनीच दाखवला होता आणि तो दाखवला म्हणून काम पक्कं झालं, हे मला कळत होतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही. चढून बसले असते.

जागेवर येऊन मी फाईल उघडली आणि पहिल्या ओळीत नाव लिहिलं. माझं, बाबांचं, आडनाव. मग नुसतीच बघत बसले. मला अभिमान वाटला, अगदी पोटातून वाटला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, काही अडलंय का? मी म्हटलं, नाही गं, सगळं सुटलंय.

घरी आई लसूण सोलत बसली होती. आठवडाभर मी तिचं डोकं खाल्लेलं, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं.

"झालं काय गो?"

"झालं. घेतलं त्यांनी."

"नाव घातलंस?"

"पहिल्याच ओळीत."

"आणि कापली तर?"

"कापली तर तुकड्याला माप मिळतं, आई. माझं नाव फक्त फाईलवर."

"मग एवढं झाकण झाकण करून तुला काय मिळालं?" असं म्हणून ती हसली आणि लसणाची सालं गोळा करू लागली. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी माळ्यावर चढ. ते गोणपाट काढ."

रविवारी मी चढले. सगळ्यात मोठा टोप आणि त्याचं झाकण तिनं बाजूला काढलं. इतक्या वर्षांत कधी चुलीवर न चढलेला टोप, त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. आम्ही बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. नाव घालून देणारा दाराशीच बसतो, हातात सुईचं मशिन घेऊन. त्यानं टोप मांडीवर घेतला.

"लग्न कुणाचं? तारीख पण घालू?"

"लग्न नाही," आई म्हणाली. "मुलीच्या कामाचं आहे. तिनं मॅट्रिक्स केली."

"ती म्हणजे काय?"

"मोठं असतं," आईनं सांगितलं, आणि तेवढं बोलून विषय संपवला.

नाव तिनंच सांगितलं. माझं, बाबांचं, आमचं आडनाव, एकेक शब्द सावकाश, मधे त्याचं मशिन थांबेपर्यंत वाट बघत. ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव टोपावर उमटलं. दुसऱ्या कुठल्याही आडनावासाठी आता तिथं जागा नव्हती. मग त्यानं झाकण घेतलं आणि फिरवून बघितलं.

"याला कड बारीक आहे. एवढं बसायचं नाही. एकच शब्द बसेल."

"मग तिचं नुसतं नाव घाला," आई म्हणाली.

"हिचं घाला," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी बाजारात शिवी दिली. "माझं कशाला? माझ्या नावाचं भांडं कधी होतं? टोप एकीचा, झाकण दुसरीचं. उद्या समोरची परत दारात उभी राहील."

"राहू दे. मी सांगेन, आईचं आहे."

"ठरवा पटकन, मागं गिऱ्हाईक उभं आहे," तो म्हणाला.

आईनं खांद्यावरचा पदर सारखा केला, तो आधीच सारखा होता. मग तिनं आपलं नाव सांगितलं, इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

परतताना टोपाची पिशवी मी घेतली. झाकणही त्यात टाक म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. ते छातीशी धरून ती आख्खा बाजार चालत आली, नाव बाहेरच्या बाजूला ठेवून.